नाकपुडीच्या कडेचा काळा मस : एका उपचारनिवडीचे प्रकरण

नाना माझ्यासमोर येऊन बसले तेव्हा त्यांच्या हातातल्या पांढऱ्या रुमालावर रक्ताचे सात-आठ वाळके ठिपके होते. वय ६६, पारोळा तालुक्यातले कापसाचे शेतकरी, अंगाने सडपातळ, डोक्यावर टोपी. उजवी नाकपुडी गालाला जिथे मिळते त्या खाचेत काळपट, चकचकीत, मध्ये खोलगट झालेला चट्टा. सोबत आलेला धाकटा मुलगा म्हणाला, "मस आहे डॉक्टरसाहेब. पाच-सहा वर्षं झाली. दोनदा जाळला, परत येतो." नाना स्वतः एवढंच बोलले, "दुखत नही, खाजत नही. तोंड धुवं का रगत येस."

धुळ्यात प्लास्टिक सर्जन म्हणून काम करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की ते कानावर पडले की माझा हात आधी टॉर्चकडे जातो. हे प्रकरण नानांच्या परवानगीने लिहितो आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आजाराचे आणि उपचाराचे तसेच ठेवले आहेत. लिहिण्याचे कारण हे की चेहऱ्यावरच्या त्वचेच्या कर्करोगाला चार-पाच वेगवेगळे उपचार आहेत, प्रत्येकाचा कुणी ना कुणी पुरस्कर्ता असतो, आणि घरच्यांना त्यातून निवड करायची वेळ येते तेव्हा नेमके काय कशाशी ताडून पाहायचे हे सांगणारे कुणी भेटत नाही.

दोनदा जाळला म्हणजे काय झाले, ते आधी सांगतो. पहिल्यांदा तालुक्याच्या ठिकाणी, दुसऱ्यांदा दुसरीकडे, दोन्ही वेळा कॉटरीने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या सुईने. दहा मिनिटांचे काम, वर मलम. दोन्ही वेळा तुकडा तपासायला गेला नाही. जाळल्यावर तुकडा उरतच नाही, जे होते त्याची राख होते. कुणाचे नाव घेऊन उपयोग नाही, कारण ही एकट्यादुकट्याची चूक नाही, आपल्याकडची सवय आहे. मस, चामखीळ, तीळ हे शब्दच इतके घरगुती आहेत की त्यांच्यामागे काही दडले असेल असे मनात येत नाही. त्यात आपल्या सावळ्या कातडीत हा कर्करोग बहुतेक वेळा काळा रंग घेऊन येतो. गोऱ्या माणसाच्या नाकावर तो गुलाबी, मोत्यासारखा दिसतो आणि पाश्चात्त्य पुस्तकांतली चित्रे तशीच असतात. आपल्याकडे तो हुबेहूब मसासारखा दिसतो.

मी नानांच्या गालाची कातडी दोन बोटांनी ताणली आणि टॉर्च आडवा धरला. ताणल्यावर चट्ट्याची वरची कड उचलल्यासारखी झाली, मण्यांची माळ असावी तशी, आणि तिच्यावरून केसाएवढ्या बारीक लाल शिरा गेलेल्या दिसल्या. नाकाकडची कड स्पष्ट होती. गालाकडची नव्हती. तिकडे आधीच्या जाळण्याचा पांढरट वण होता आणि चट्टा त्या वणात कुठे संपतो हे डोळ्यांना कळत नव्हते. मोजून १४ मिमी बाय ११ मिमी, पण हे माप नाकाकडच्या कडेपुरतेच खरे होते. मानेत गाठ नव्हती. टोपी काढायला सांगून डोके, कान, कानामागची जागा, मान सगळे पाहिले. एवढी वर्षे उन्हात काढलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर एक डाग सापडला की दुसरा शोधायचाच असतो. शेतकऱ्याच्या टोपीला कड नसते. ती डोके झाकते, नाक, कान आणि कानशील उघडेच राहतात.

४ मिमीच्या पंचने, म्हणजे गोल, पोकळ पात्याच्या हत्याराने, तुकडा घेतला, तोही मधल्या जखमेतून नव्हे, गालाकडच्या संशयित कडेवरून. रिपोर्ट आला : बेसल सेल कार्सिनोमा (त्वचेच्या कर्करोगाचा एक प्रकार), बराचसा गाठीच्या स्वरूपाचा, पण एका बाजूला 'इन्फिल्ट्रेटिव्ह', म्हणजे पेशींच्या बारीक रांगा मुळांसारख्या आत शिरणाऱ्या.

कार्सिनोमा हा शब्द ऐकून धाकटा मुलगा एकदम गप्प झाला. कर्करोग म्हटल्यावर प्रत्येक घरात तसेच होते. म्हणून मी आधी चांगली बाजू सांगितली. त्वचेच्या कर्करोगांतला हा सगळ्यात संथ. तो शरीरात दुसरीकडे पसरणे अत्यंत दुर्मीळ. जिथे आहे तिथेच तो कुरतडत राहतो. डब्लिनचे आर्थर जेकब यांनी १८२७ मध्ये त्याचे वर्णन केले, आणि पुढे इंग्रजीत त्याला उंदराने कुरतडल्यासारखा व्रण या अर्थाचे नाव रूढ झाले. शेतकऱ्याला ते लगेच समजते, कारण उंदीर पोत्याला एकच भोक पाडतो, पण आत कुठवर गेला ते पोते उलटल्याशिवाय दिसत नाही. वाईट बाजू तीच. नाक आणि गाल यांच्या खाचेतून तो खोल जातो, डोळ्याच्या कोपऱ्याकडे सरकतो, कूर्चा खातो. माणूस जगतो, चेहरा जातो.

(हाच रिपोर्ट स्क्वेमस सेल कार्सिनोमाचा असता तर सगळे संभाषण वेगळे झाले असते. तो मानेच्या गाठींत जाऊ शकतो, विशेषतः ओठ आणि कानावरचा. जुन्या भाजल्याच्या वणात उगवलेला तर फारच खोडसाळ. मेलानोमाची वाट आणखी निराळी. चेहऱ्यावरचा त्वचेचा कर्करोग असा एक आजार नाही, ते मुख्यतः तीन आजार आहेत, आणि एकाच्या उपचाराचे आकडे दुसऱ्याला लावू नयेत.)

नानांचा रोग 'जास्त जोखमीचा' ठरत होता तो चार कारणांनी. जागा नाकाच्या खाचेतली. प्रकार मुळे सोडणारा. कड अस्पष्ट. आणि तो परत आलेला. यातले शेवटचे कारण माणसाने निर्माण केलेले होते. या कर्करोगावर पहिला उपचार ही सगळ्यात चांगली संधी असते. वणात अडकून पुन्हा उगवलेला रोग कुठून कुठे गेला याचा माग काढणे कठीण होऊन बसते.

समोर काय काय होते

मोठा मुलगा पुण्यात नोकरीला. त्याने फोनवर विचारलेला पहिला प्रश्न होता, "सर, न कापता होत नाही का? क्रीम असतं म्हणे. किंवा रेडिएशन." प्रश्न रास्त होता. मी त्याला एकेक करून सांगितले.

क्रीमचे, म्हणजे इमिक्विमॉडचे. ते लावल्यावर शरीराचीच प्रतिकारशक्ती त्या पेशींवर तुटून पडते. ब्रिटनमध्ये कमी जोखमीच्या बेसल सेलवर क्रीम आणि शस्त्रक्रिया यांची रीतसर तुलना झाली. पाच वर्षांनंतर क्रीमचे यश ८२.५ टक्के, शस्त्रक्रियेचे ९७.७ टक्के. पाठीवरच्या, पातळ, वरवरच्या चट्ट्याला, शस्त्रक्रिया नको असलेल्या माणसाला मी ते आनंदाने देईन. पण त्या अभ्यासात नानांसारख्या रोग्याला घेतलेच नसते. मुळे सोडणाऱ्या, खाचेतल्या रोगावर क्रीम लावले तर वरचा भाग साफ होतो, कातडी गुळगुळीत होते, सगळे खूश होतात आणि खालचा रोग गुपचूप चालत राहतो. तिसऱ्यांदा जाळण्यात आणि यात मला फारसा फरक वाटला नाही.

रेडिएशनचा विचार जास्त गंभीरपणे करायला हवा होता, कारण तो खरा पर्याय आहे. चेहऱ्यावरच्या ४ सेंमीपेक्षा लहान बेसल सेलवर फ्रान्समध्ये ३४७ रुग्णांची तुलना झाली आणि १९९७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चार वर्षांत रोग परत येण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेत ०.७ टक्के, रेडिएशनमध्ये ७.५ टक्के. लोकांना आश्चर्य वाटते ते पुढच्या आकड्याचे : दिसायला चांगले राहिले असे शस्त्रक्रियेच्या ८७ टक्के रुग्णांत ठरले, रेडिएशनच्या ६९ टक्के. 'न कापता' म्हणजे 'वण न राहता' असे आपण धरून चालतो. शस्त्रक्रियेचा वण वर्षागणिक फिका पडत जातो, रेडिएशनची जागा वर्षागणिक पांढरी, कोरडी, शिराळ होत जाते. शिवाय नाकपुडीखाली कूर्चा आहे. आणि रेडिएशननंतर रोग परत आला तर त्या कातडीवर पुन्हा सुरी चालवणे हे सर्जनसाठी सगळ्यात नकोसे काम.

तरी मी रेडिएशनच्या विरोधात नाही. त्याच वर्षी शिरपूरकडच्या ८४ वर्षांच्या एका आजींना मी स्वतः तिकडे पाठवले. गालावर तीन सेंमीची गाठ, हृदय कमजोर, अर्धा तास उताणे झोपता येईना. त्यांना मोजक्या बैठकांचा, प्रत्येक वेळी थोडा जास्त डोस असलेला छोटा कोर्स दिला गेला. त्यांच्यासाठी तोच योग्य होता. पंधरा वर्षांनी कातडी कशी दिसेल हा प्रश्न त्यांच्यापुरता गौण होता. नाना ६६ चे, विहिरीत उतरून मोटार दुरुस्त करणारे. त्यांना वीस वर्षांचा हिशेब लागू होता.

आणखी एक हिशेब होता जो पुस्तकात नसतो. पूर्ण कोर्स म्हणजे आठवड्यातले पाच दिवस याप्रमाणे वीस ते तीस बैठका. गावाहून रोज जाऊन येणे शक्य नाही, म्हणजे यंत्र जिथे असेल तिथे चार ते सहा आठवडे मुक्काम, सोबत एक माणूस. निंदणी-फवारणीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या घरातून दोन माणसे सहा आठवडे उठून जाणे याची किंमत उपचाराच्या बिलात कुठे दिसत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड घेऊन त्याला भेटा, हे मी प्रत्येकाला सांगतो. ते बिल भागवते. बुडालेली मजुरी भागवत नाही.

व्हिस्मोडेगिब नावाच्या गोळ्यांबद्दलही मोठ्या मुलाने वाचले होते. अमेरिकेत जानेवारी २०१२ मध्ये त्या मान्य झाल्या. ज्यांचा डोळा किंवा अख्खे नाक काढण्याची वेळ आली आहे, किंवा शस्त्रक्रिया आणि रेडिएशन दोन्ही शक्य नाही, त्यांच्यासाठी त्या आहेत. गाठ आक्रसते, पण औषध थांबल्यावर बऱ्याच जणांत परत वाढते. स्नायूंत वांब येतात, केस गळतात, जिभेची चव जाते. नानांना त्यांची गरज नव्हती.

उरली शस्त्रक्रिया. आणि इथे खरी निवड सुरू झाली, कारण शस्त्रक्रियेतही प्रकार आहेत.

कड कशी पाहायची

साधी शस्त्रक्रिया म्हणजे दिसणाऱ्या रोगाभोवती चांगल्या कातडीची कड धरून गोल काढणे. दोन सेंमीपेक्षा लहान, स्पष्ट कडेच्या गाठीला ४ मिमी कड बहुधा पुरते. काढलेला तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे जातो आणि तो त्याचे उभे काप घेऊन पाहतो. आता कळण्याच्या भाकरीची कल्पना करा. तिची कड कुठे करपली आहे का हे पाहायचे आहे, आणि तुम्ही भाकरी चार-पाच ठिकाणी तोडून फक्त तुटल्या जागी पाहिले. दोन तोडींच्या मधली कड करपलेली असेल तर ती दिसणारच नाही. नेहमीच्या पद्धतीत एकूण कडेचा एक टक्क्याहूनही कमी भाग प्रत्यक्ष सूक्ष्मदर्शकाखाली येतो. गोल, सभ्य गाठीला हे चालून जाते. मुळे सोडणाऱ्याला नाही.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये फ्रेडरिक मोज यांनी १९३० च्या दशकात वेगळी रीत सुरू केली. भाकरी तोडायची नाही, तिची कड आणि तळ सोलून, आडवी पसरून सगळीच्या सगळी पाहायची. जिथे रोग दिसेल तेवढ्याच जागेतून पुन्हा पातळ थर काढायचा, पुन्हा पाहायचा. आज ते गोठवलेल्या कापांवर त्याच दिवशी करतात. नेदरलँड्समध्ये चेहऱ्यावरच्या ४०८ नव्या आणि २०४ परत आलेल्या बेसल सेल गाठींवर मोज आणि साधी शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. दहा वर्षांनी नव्या गाठींत रोग परत येण्याचे प्रमाण मोजमध्ये ४.४ टक्के, साध्या शस्त्रक्रियेत १२.२ टक्के. परत आलेल्या गाठींत, म्हणजे नानांच्या गटात, ३.९ विरुद्ध १३.५ टक्के. त्यातली एक गोष्ट मी कधी विसरत नाही : नव्या गाठींतले निम्म्याहून अधिक पुनरागमन पाच वर्षांनंतर झाले होते. पाच वर्षे झाली, सुटलो, असे या आजारात म्हणता येत नाही. हे आकडे गोऱ्या कातडीच्या लोकांतले आहेत, त्यामुळे ते जसेच्या तसे आपल्याला चिकटवू नयेत, पण दिशा तीच राहणार.

इथेच मला या प्रकरणातली मुख्य गोष्ट सांगायची आहे. उपचारांची तुलना करताना आपण यशाची टक्केवारी विचारतो. त्याच्या जोडीला विचारायला हवे की हा उपचार झाल्यावर रोग पूर्ण गेला हे मला कोण सांगणार? कॉटरी सांगत नाही. क्रीम सांगत नाही. रेडिएशनही सांगत नाही. तिथे वर्षानुवर्षे नजर ठेवत बसणे हीच तपासणी. कडेचा पूर्ण रिपोर्ट देणारी शस्त्रक्रियाच कागदावर उत्तर देते. शहरात राहणारा, दर चार महिन्यांनी दाखवायला येणारा रुग्ण असेल तर उत्तराशिवाय काही काळ राहता येते. आमच्या खान्देशातला शेतकरी रक्त यायला लागल्याशिवाय परत येत नाही. त्याचा दोष नाही. एसटीचा दिवस, मजुरीचा दिवस, पेरणीचा दिवस, सगळे एकाच खिशातून जाते. ज्याचे परत येणे अनिश्चित त्याला पहिल्याच वेळी कागदावर उत्तर देणारा उपचार द्यावा, असे माझे पक्के मत आहे.

मोज करणारे केंद्र जवळपास नव्हते. मुंबईला जाण्याचा पर्याय मी मांडला. चाळीसगावहून गाडी आहे, कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेत स्लीपर आणि थ्री-एसीला पूर्ण सवलत मिळते, सोबत्याला ७५ टक्के. दुसरा पर्याय मी इथे देऊ शकत होतो : तीच कल्पना, संथ गतीने. रोग काढायचा, जखम बंद करायची नाही, नुसते ड्रेसिंग. काढलेल्या तुकड्याची संपूर्ण कड आणि तळ सोलून पॅथॉलॉजिस्टने नेहमीच्या मेणातल्या कापांवर पाहायचा. रिपोर्ट यायला पाच-सहा दिवस. कड मोकळी आली की मगच नाक बांधायला घ्यायचे. यात माणूस आठवडा-दोन आठवडे उघड्या जखमेने राहतो. ते ऐकायला भयंकर वाटते, प्रत्यक्षात व्हॅसलीन गॉज आणि रोजचे ड्रेसिंग नीट असेल तर दुखणे फार नसते.

कानबाईचा रविवार

नानांनी मला लगेच उत्तर दिले नाही. "कानबाई होऊ द्या. पोऱ्या येतीन, मंग सांगस." श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमच्या खान्देशची देवी, बसते तेव्हा सगळे भाऊबंद घरी येतात, रोट होतात. तो निर्णय घरात, सगळ्यांसमोर व्हायला हवा होता. मी तेवढ्यात एकच अट घातली : बिडी आजपासून बंद. दिवसाला पंधरा-वीस बिड्या होत्या. बिडीने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि पुढे मी कपाळाची जी कातडी नाकावर आणणार होतो ती एका रक्तवाहिनीच्या जोरावर जगणार होती. नानांच्या पत्नी त्या दिवशी प्रथमच बोलल्या. त्यांनी माझ्याकडे पाहून फक्त विचारले, "एकबी नही?" मी म्हणालो, "एक पण नाही, माय." बिडीचे बंडल त्यांनी तिथेच नानांच्या खिशातून काढून घेतले.

कानबाईनंतरच्या मंगळवारी मोठा मुलगा स्वतः आला. घरात काय बोलणे झाले ते त्याने सांगितले. रोगाची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती नाकाची होती. आपल्या भाषेत नाक कापणे म्हणजे अब्रू जाणे. गावात लोक काय म्हणतील, नातीच्या लग्नाला कसे उभे राहणार, हे बोलले गेले होते. नाना खुर्चीत पुढे सरकले आणि त्यांनी मला विचारले, "मनं नाक ऱ्हाई ना?"

मी त्यांना पुण्याची गोष्ट सांगितली. टिपू सुलतानाच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेसोबत असलेला कावसजी नावाचा बैलगाडीवान पकडला गेला, त्याचे नाक कापले गेले. पुण्याजवळ आपल्याच एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नाक करून दिले. ते दोन इंग्रज डॉक्टरांनी पाहिले आणि १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात चित्रासह छापले गेले. तिथून युरोपने ही शस्त्रक्रिया उचलली. आज जगभर नाक बांधायला हीच कपाळाची कातडी वापरतात. मी नानांना म्हणालो, ही आपल्या मातीतली विद्या आहे, फक्त आता भूल आहे, आणि कातडी आणायच्या आधी रोग गेला की नाही ते पाहायची सोय आहे. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बैलगाडीवाल्याचे नंतर काय झाले, असे विचारले. मी म्हणालो, पुष्कळ जगला असावा, चित्रात तर नाक चांगले दिसते.

मुंबई नको, इथेच करा, असे ठरले.

दोन वेळा कापणे

पहिल्या दिवशी जागेपुरती भूल देऊन, दिसणाऱ्या कडेपासून ५ मिमी सोडून, खाली कूर्चेपर्यंत काढले. तुकड्याला बारा वाजताच्या जागी काळा टाका घातला, नऊच्या जागी दोन. कागदावर नाक काढून त्यावर घड्याळ काढले आणि तो कागद तुकड्यासोबत पाठवला. पॅथॉलॉजिस्टशी मी आधीच फोनवर बोललो होतो, कारण कड सोलून आडवी बसवणे हे त्यांच्या रोजच्या कामापेक्षा दुप्पट वेळ खाणारे. त्यांनी ते मनापासून केले. या सगळ्या प्रकरणात सर्वात मोठे काम कुणी केले असेल तर त्या काचपट्ट्या पाहणाऱ्या माणसाने, असे मी मानतो.

सहाव्या दिवशी रिपोर्ट आला. तळ मोकळा. बारापासून सहापर्यंत मोकळे. सात ते नऊमध्ये, म्हणजे गालाकडच्या त्या जुन्या वणात, पेशींच्या बारीक रांगा कडेला पोचलेल्या. डोळ्यांना तिथे काहीही दिसत नव्हते. ज्या जागी मी ५ मिमी चांगली कातडी सोडली असे समजत होतो तिथे रोग त्याही पलीकडे गेला होता. साधी शस्त्रक्रिया करून त्याच दिवशी कपाळाची कातडी आणून बसवली असती तर तो धागा तिच्याखाली झाकला गेला असता, आणि वर जाडजूड कातडी असल्यामुळे तो पुन्हा दिसायला कित्येक वर्षे लागली असती. तोवर डोळ्याचा कोपरा.

दुसऱ्यांदा फक्त सात ते नऊची कड आणखी ४ मिमी काढली. पुन्हा घड्याळ, पुन्हा पाच दिवस. या वेळी सगळे मोकळे.

या बारा-तेरा दिवसांत ड्रेसिंग धाकट्या सुनेने केले. पहिल्या दिवशी तिचे हात थरथरत होते. चौथ्या दिवशी तिने मला फोनवर सांगितले की जखमेचा रंग आता गाजरासारखा लाल झाला आहे, वास नाही, पाणी कमी आहे. शिकाऊ डॉक्टरकडूनही मला इतके नेमके वर्णन क्वचित मिळते.

जखम आता २८ मिमी बाय २४ मिमी होती. आतले अस्तर शाबूत होते ही मोठी गोष्ट. गालाकडचा भाग गालाचीच कातडी सरकवून भरला. नाकपुडीला आधार म्हणून कानातून कूर्चेची पट्टी घेतली, नाहीतर श्वास घेताना नाकपुडी आत खेचली जाते. वर कपाळाची कातडी, भुवईच्या आतल्या टोकाजवळच्या रक्तवाहिनीवर जिवंत ठेवून, वळवून आणली. तीन आठवडे भुवईपासून नाकापर्यंत कातडीचा पूल राहतो. त्या तीन आठवड्यांत पोळा आला. नानांनी बैल स्वतःच्या हाताने धुतले, शिंगे रंगवली, चेहऱ्याला गमछा गुंडाळून. मिरवणुकीला गेले नाहीत, दारातच पूजा केली. हे त्यांनीच नंतर सांगितले.

एकविसाव्या दिवशी पूल कापला. पुढे तीन महिन्यांनी जाड वाटणारी नाकपुडी थोडी पातळ करून खाच पुन्हा उठावदार केली. त्याआधीच, ऑक्टोबरात पहिल्या वेचणीला, नाना शेतात होते. कपाळावर उभा वण आहे, टोपी खाली ओढली की निम्मा झाकतो. उजवी नाकपुडी डावीपेक्षा किंचित जाड आहे. मला दिसते, गावाला दिसत नाही असे ते म्हणतात. बिडी पहिले पाच महिने बंद होती, मग अधूनमधून सुरू झाली. त्याचे मला वाईट वाटते आणि मी ते दर वेळी बोलून दाखवतो.

आता दोन वर्षे झाली. सुरुवातीला दर चार महिन्यांनी यायचे ठरले होते; सहापैकी पाच वेळा आले. माझ्या अनुभवात हे पुष्कळ आहे. मी दर वेळी नाक नुसते पाहत नाही, कपाळाची कातडी आणि गाल यांच्या सांध्यावरून बोट फिरवतो, कारण खालची गाठ आधी बोटाला लागते, मग डोळ्याला. कान, कानशील, टाळू, मान पुन्हा पाहतो. एकदा हा रोग झालेल्याला दुसऱ्या जागी नवा होण्याची शक्यता बरीच असते, हे मी घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगितले होते.

गेल्या महिन्यात नाना ठरलेल्या तारखेच्या आधीच, एकटे, सकाळच्या एसटीने आले. डोक्यावर कडा असलेली कापडी टोपी, सूनबाईने घेऊन दिलेली. डाव्या कानशिलावर बोट ठेवले. मसुराच्या दाण्याएवढा काळा, चकचकीत ठिपका. किती दिवस झाले विचारले, तर म्हणाले महिनाही झाला नाही, दाढी करताना आरशात दिसला. मी ताणून टॉर्च धरला. कड स्पष्ट, चारी बाजूंनी. मी काही बोलायच्या आत त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आते जाळू नका. कापी टाका. नि तुकडा धाडा तपासाले."

४ मिमी कड सोडून काढला, पाच टाके पडले. रिपोर्ट टाके काढायच्या दिवशी हातात होता : बेसल सेल, गाठीचा प्रकार, कडा मोकळ्या.